गोठ्यातून येणारा ताप
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गोसीखुर्द म्हटले की बाहेरच्यांना वैनगंगेवरचे धरण आठवते. पण आपला दिवस उगवतो तो गोठ्यात. शेण, चारा, धार, जनावराचे बाळंतपण ही कामे बहुधा बायकांच्याच हातची. म्हणून जनावरापासून माणसाला जडणाऱ्या ब्रुसेलोसिस या रोगाविषयी आज चार शब्द सांगणार आहे.

माल्टा बेटावर इंग्रज शिपायांना हा ताप फार येई. १८८७ साली डॉ. डेव्हिड ब्रूस यांनी त्याचे जंतू शोधले. ते येतात कोठून, हे मात्र १९०५ साली डॉ. झमिट यांनी दाखविले. दिसायला ठणठणीत अशा बकऱ्यांच्या अंगात ते होते! १९०६ साली शिपायांना बकरीचे दूध देणे बंद केले आणि ताप झपाट्याने ओसरला.

तेव्हा जनावर धडधाकट दिसते म्हणून निर्धास्त राहू नये. गाय किंवा म्हैस पाचव्या महिन्यानंतर गाभडली, वार अडकली, तर या रोगाचा संशय घ्यावा. मेलेले वासरू, वार आणि अंगावरचे पाणी यांत जंतू खच्चून भरलेले असतात. हाताला चीर असली की तेवढी वाट त्यांना पुरते. म्हणून हातमोजे घालावेत, तोंडाला फडके बांधावे, नंतर साबणाने हात धुवावेत. गरोदर बाईने तर तेथे जाऊच नये. या रोगाने तिचाही गर्भ पडू शकतो. गाभडलेले उकिरड्यावर टाकू नये, कुत्री ओढून नेतात. खोल खड्ड्यात चुना घालून पुरावे आणि जनावरांच्या डॉक्टरांना कळवावे. नुकसानीच्या दुःखात किंवा लोकलाजेने ही गोष्ट लपवू नये. लपविल्याने शेजारणीचा गोठाही धोक्यात येतो.

धारोष्ण दूध अंगी लागते, असे म्हणून मुलांना देतात. तसे करू नये. दुधाला चांगली उकळी आली की हे जंतू मरतात.

माणसाला हा रोग झाला की ताप चढतो, उतरतो, पुन्हा येतो. रात्री घाम फुटतो, सांधे व कंबर धरते. आपण बायका म्हणतो, कामाचा शीण असेल, आणि ताप अंगावर काढतो. तसे न करता डॉक्टरांना "आमच्याकडे जनावरे आहेत, गाय गाभडली होती," हे आपणहून सांगावे. त्यावरून ते रक्त तपासतील. औषध साधारण सहा आठवडे चालते. बरे वाटले म्हणून मध्येच सोडले तर ताप उलटतो.

जनावरांसाठी लस आहे. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी व वगारी यांना ती एकदाच टोचतात. हे वय निघून जाऊ देऊ नका.

लेकीच्या लसीची तारीख आपण विसरत नाही. कालवडीचीही ध्यानात ठेवू या. तिच्यात आपल्या घराचेही रक्षण आहे.