जर कापाब्लांका सांगलीस येता!



आपण मराठी माणसे जर-तरच्या मुलखात पुष्कळ काळ राहतो. पानपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? थोरले माधवराव सत्ताविसाव्या वर्षी न जाता साठीपर्यंत जगते तर? जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासरावांची ती गोळी चुकवून दाखवली आहे. तो शास्त्रज्ञाचा जर-तर होता. माझा त्याहून हलका, म्हणजे अवघ्या चौसष्ट घरांचा आहे.

होजे राऊल कापाब्लांका हा क्यूबाचा बुद्धिबळपटू. १९२१ साली तो लास्करला हरवून जगज्जेता झाला, आणि १९१६ ते १९२४ अशी आठ वर्षे त्याने एकही डाव गमावला नव्हता. त्याच्या देशाच्या परराष्ट्र खात्यात त्याला नोकरीही होती. तेव्हा समजा, त्या खात्याने १९३० साली त्याला मुंबईस धाडले. मुंबईच्या दमट हवेला कंटाळून गृहस्थ मिरजेच्या गाडीत बसला, नव्या आयर्विन पुलावरून कृष्णा पाहून आला आणि सांगलीतल्या एका वाड्याच्या ओट्यावर टेकला. ओट्यावर पट मांडलेलाच होता. समोर बसले हळदीचे एक अडते.

कापाब्लांकाने राजापुढचे प्यादे उचलून दोन घरे पुढे ठेवले. अडत्यांनी ते अदबीने एक घर मागे आणले. “साहेब, प्यादे म्हणजे पायदळ. ते एकच घर चालते.”

थोड्या वेळाने पाहुण्याने किल्लेकोट करायला घेतला. राजा दोन घरे सरकवला आणि हत्ती त्याच्या पलीकडे नेऊ लागला. अडत्यांनी कपाळाला हात लावला. “साहेब, राजा हत्तीच्या आड दडतो कोठे? त्याला शह बसला नसेल तर त्याने एकदा घोड्यासारखी अडीच घरे उडी घ्यावी, आणि मग मर्दासारखे मैदानात राहावे.” कापाब्लांकाने खिशातून रुमाल काढला.

पुढे त्याचे एक प्यादे शेवटच्या घरात पोचले. त्याने वजीर मागितला. अडत्यांनी घोडा दिला, कारण प्यादे घोड्याच्या घरात पोचले होते. ज्याच्या घरी उतरावे त्याच्या घरचे व्हावे, हा देशी खेळाचा कायदा. विलायती खेळात कोठलेही प्यादे कोठेही पोचून वजीर होते. यावर अधिक बोलणे सभ्य नव्हे. निवडणुका केव्हा लागतील सांगता येत नाही.

पण खरा छळ पटावरचा नव्हेच. विलायती सामन्यात प्रेक्षकाने तोंड मिटून बसायचे असते. आपल्या ओट्यावर तोंड मिटून बसणाऱ्याला कोणी प्रेक्षक म्हणत नाही, आजारी म्हणतात! “घोडा, घोडा घ्या!” “अहो, उंट मरतोय!” असा गिल्ला चालू, त्यात भडंगाची पुडी पटावर सांडलेली. पुढे १९७२ साली रेक्याविकला बॉबी फिशरने चित्रपटाच्या कॅमेऱ्यांवरून केवढा कहर केला! तो या ओट्यावर बसता तर पहिल्या चालीआधीच मिरजेच्या टांग्यात असता.

आता निकाल. अभिमानापोटी मी अडत्यांना जिंकवून देईन असे वाटत असेल, तर नाही. पहिले दोन डाव अडते जिंकते. तिसऱ्यापर्यंत कापाब्लांका नियम शिकता, आणि चौथ्यापासून अडत्यांना हळदीच्या पेवात उतरावेसे वाटते. जो खेळ येथून इराणात, तेथून अरबांकडे आणि पुढे युरोपात गेला, तो तिकडे नुसता बदलला नाही, वाढलाही. तिकडे डाव लिहून ठेवले, छापले, तपासले. आपण डाव ओट्यावर खेळलो आणि ओट्यावरच सोडून जेवायला गेलो.

ही थट्टा झाली. परंतु हीच गोष्ट उलट दिशेने खरोखर घडलेली आहे, आणि तिला हसता येत नाही.

पंजाबातील मिठा तिवाना गावचा मीर सुलतानखान हा देशी नियमांवर वाढलेला. सर उमर हयातखान या जमीनदार सरदाराने त्याला पदरी ठेवले. विलायती नियम तो मोठेपणी शिकला, १९२८ साली अखिल भारतीय स्पर्धा जिंकला आणि १९२९ साली धन्याबरोबर लंडनला गेला. त्याच उन्हाळ्यात तो ब्रिटनचा विजेता झाला! १९३२ आणि १९३३ सालीही तोच. आणि १९३० च्या अखेरीस हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्याने हरवले कोणाला? आमच्या ओट्यावरच्या पाहुण्याला, कापाब्लांकाला. १९३३ साली ब्रिटनच्या महिलांचे विजेतेपदही उमर हयातखानांच्याच घरातल्या मिस फातिमांनी मिळवले. एका हिंदी घराने साहेबाची दोन्ही पदे एकाच वर्षी उचलली.

आणि मग धनी स्वदेशी परतला. त्याबरोबर हाही परतला. १९३५ साली तो व्ही. के. खाडिलकरांशी दहा डाव खेळला. नऊ जिंकला, एक बरोबरीत सुटला. एवढे बळ शिल्लक असताना मोठा खेळ जवळजवळ तेथेच थांबला. १९५० साली जागतिक संघटनेने पहिले सत्तावीस ग्रँडमास्टर जाहीर केले, त्यांत त्याचे नाव नव्हते. १९६६ साली तो वारला. सन्माननीय ग्रँडमास्टर ही पदवी त्याला २०२४ साली मिळाली, मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी. तेव्हा ‘जर’ विचारायचाच तर मी हा विचारीन: जर त्याच्या बोटीचे भाडे त्याच्या स्वतःच्या हाती असते तर?

दुसरा ‘जर’ तर आपल्या अंगणातला आहे. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. त्यांच्या तीन पणत्या, वासंती, जयश्री आणि रोहिणी. १९७४ साली देशातली पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा झाली, ती वासंतीने जिंकली. पुढच्या वर्षी जयश्रीने. नंतर रोहिणीने, तेही पाच वेळा. १९८१ साली ती आशियाची विजेती झाली. परंतु १९७६ साली, तेरा वर्षांची असताना, ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा काही पुरुष खेळाडूंनी हरकत घेतली. मुलीशी हरण्याची भीती होती की जिंकून काही शोभा नाही ही चिंता होती, देव जाणे. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे, म्हणजे १९३५ साली अलेखिनला हरवून जगज्जेता झालेले हॉलंडचे गणिताचे शिक्षक, यांनी निर्णय दिला: राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही.

यूवे त्या वेळी टपाल न उघडता फिरायला जाते तर? सांगलीतच जन्मलेली भाग्यश्री साठे पाच वेळा राष्ट्रीय विजेती झाली आणि १९९१ साली आशियाची. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ साली, एकोणीस वर्षांची असताना, बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकून आली. अंतिम फेरीत तिने हरवले तेही भारताच्याच कोनेरू हंपीला. या मुली कदाचित तरीही खेळत्या. पण कोणाशी खेळत्या, आणि कोणाच्या परवानगीने?

आमच्या त्या ओट्यावरची एक गोष्ट सांगायची राहिली. भोवती उभे राहून चाली सांगणारे सारे पुरुषच होते. दाराआडून सगळा डाव पाहणारी अडत्यांची नात काही बोलली नाही. तिला कोणी विचारलेच नव्हते. कापाब्लांकाला दहा मिनिटे उठवून त्या जागी तिला बसवण्याचा अधिकार, कथा माझी असल्यामुळे, मी बजावतो.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत, मध्येच कोणी चाल सांगितली नाहीत, याबद्दल आभारी आहे.