मेघ उठेपर्यंत

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवात झालेले भाषण)



सुवर्णमहोत्सव म्हटला की मागची पन्नास वर्षे आठवावीत, थोरांचा गौरव करावा, असा रिवाज आहे, आणि तो आपण पाळणारच. परंतु येथे बसलेल्या प्रत्येकाच्या मनात आज दुसराच विषय आहे, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. वसतिगृहाला येणारी मदत आटली आहे. येत्या जूनमध्ये मुली घ्याव्यात की दार लावून घ्यावे, हे ठरवावयाचे आहे. अशा वेळी ‘प्रभू मार्ग दाखवील’ असे आपण एकमेकांस म्हणतो. म्हणतो खरे, पण तो मार्ग दाखवितो म्हणजे काय करतो?

आपल्यापैकी काहीजण डोळे मिटून बायबल उघडतात आणि बोट पडेल ते वचन हाच आदेश मानतात. स्पष्ट बोलल्याबद्दल क्षमा असावी, पण हे कौल लावणेच झाले. फुलांच्या जागी पाने आली, इतकेच. इस्राएल लोकांना रानात ना कौल मिळाला, ना नकाशा. गणनेच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात सांगितले आहे की, निवासमंडपावर मेघ दोन दिवस राहो की महिनाभर, तोवर ते तळ देऊन राहत. तो वर गेला की निघत. कनान अजून किती मजला दूर आहे, हे मेघ सांगत नसे.

पंडिता रमाबाईंचे चरित्र आपल्या घरोघर माहीत आहे. तरी त्यातला एक काळ आज पुन्हा पाहावासा वाटतो. 1887 साली बॉस्टनमध्ये स्थापन झालेल्या मंडळाने त्यांच्या कार्यास दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले आणि 1889 साली मुंबईत शारदासदन उघडले. पुढे ते पुण्यास आले. मुदत संपल्यावर काय, याचा विचार बाईंनी आधीच केला होता. केडगावास जमीन घेऊन त्यांनी फळबाग लावली, की तिच्या उत्पन्नावर सदन चालावे. प्रार्थना करणाऱ्याने जमाखर्च पाहू नये, असे त्यांना कधी वाटले नाही.

इतक्यात 1896 साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. उपासमार म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावयास नको होते. 1874 साली अशाच हालांत त्यांचे आईवडील गेले होते. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. कधी? तर मदतीची मुदत संपत आलेली असताना! त्यात पुण्यास प्लेग. इतक्या मुली शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. राहिले केडगावचे रान. उत्पन्नासाठी घेतलेल्या त्या जमिनीवर आधी तंबू आणि झोपड्या, मग इमारती, असे मुक्तिसदन उभे राहिले. जमीन घेताना हे बाईंच्या ध्यानीमनी होते काय? 1898 साली त्या अमेरिकेस गेल्या, तेव्हा मदत चालू ठेवण्यासाठी तेथे नवे मंडळ निघाले. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या.

विश्वासाने चालणाऱ्याचे सारे गोडच होते, असे सांगणाऱ्या वक्त्यांचा मात्र आम्हांला कंटाळा आहे. दुष्काळातून आणलेल्या मुलींपैकी सगळ्या जगल्या नाहीत. आपल्या शेजारच्या गुलबर्ग्यास शाळा चालविणाऱ्या मनोरमाबाई आईच्या आधी, 1921 साली गेल्या. त्याही दिवसांत बाईंचे बायबलच्या भाषांतराचे काम चालूच होते. 5 एप्रिल 1922 रोजी त्या निवर्तल्या. त्यांचे संपूर्ण मराठी बायबल छापून निघाले 1924 साली.

विश्वस्तांपुढे आमचे म्हणणे असे की, पुढल्या दहा वर्षांची तजवीज झाल्यावाचून दार उघडायचे नाही, हा आग्रह सोडावा. या एका वर्षाचे धान्य, स्वयंपाकीणबाईंचा पगार, विजेचे बिल, एवढ्याचा आकडा मंडळीपुढे ठेवावा. घरटी काय देता येईल ते आम्ही सांगू. आणि अर्ज केलेल्या मुली कागदावरून पारखू नयेत. त्यांतल्या कित्येकींची घरे ऊसतोडीला जाणारी आहेत. आईबाप फडावर गेले की मुलीची शाळा सुटते. तेव्हा पावसाच्या आत आपल्यातल्या चारदोघांनी त्यांच्या गावी जाऊन यावे. येत्या रविवारी उपासनेनंतर जाणाऱ्यांची नावे घेऊ. बायकामाणसेही हवीत; मुलींच्या आया पुरुषांशी मोकळेपणी बोलणार नाहीत.