एकोणिसाव्या शतकांतील तारापूर बंदर

आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे एकोणिसाव्या शतकांतील तारापूर बंदर. मुंबईच्या उत्तरेस, पालघर जिल्ह्यांत, बोईसर स्थानकापासून तीन-चार कोसांवर समुद्रकांठीं हें गांव वसलें आहे. खाडीच्या दक्षिण तीरावर तारापूर आणि उत्तर तीरावर चिंचणी, अशी ही जुनी जोडी आहे. आज तारापूर म्हटलें कीं लोकांना अणुविद्युत् केंद्र आठवतें. इतिहासप्रेमी मंडळींना १७३९ सालीं चिमाजी आप्पांच्या फौजेनें सर केलेला किल्ला आणि त्या लढाईंत पडलेला बाजी भिवराव आठवतो. परंतु या दोहोंच्या मध्यें तारापूरला व्यापारी बंदर म्हणूनहि एक आयुष्य होतें. तें कशावर जगलें आणि कशामुळें मागें पडलें, हें आज मला सांगावयाचें आहे.

पेशवाई संपून १८१८ च्या सुमारास हा मुलूख इंग्रजी अंमलाखालीं स्थिरावला. तारापूरची खाडी लहान. भरतीच्या पाण्याबरोबर गलबतें व मचवे आंत यावयाचे, ओहोटी लागली कीं चिखलावर कलंडून पडावयाचे आणि पुढच्या भरतीची वाट पाहावयाचे. पावसाळ्यांत दर्या बंद. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हां शिडें उभारावयाचीं. असें बेताचेंच पाणी असतांना हें बंदर चाललें, कारण दक्षिणेस मुंबई झपाट्यानें वाढत होती. तिला घरांसाठीं इमारती लांकूड, चुलींसाठीं सरपण, घोड्यांसाठीं गवत आणि माणसांसाठीं तांदूळ हवा होता. आणि या सर्व वस्तु ठाणें जिल्ह्याच्या रानांत व शेतांत मुबलक होत्या. वारल्यांनीं तोडलेलें लांकूड गाडीवानानें खाडीवर आणावें आणि तेथून तांडेलानें तें मुंबईस पोंचवावें, असा हा क्रम होता.

बंदर पाठीमागच्या मुलखावर जगतें, हें ज्याला पुरतें उमगलें होतें असा एक व्यापारी याच गांवीं निपजला. त्याचें नांव विकाजी मेहेरजी. हे पारशी गृहस्थ किनाऱ्यावरील जकातीचा मक्ता घेऊन पुढें आले. जकातनाक्यावर बसणाऱ्याला कोणता माल कोठें पिकतो आणि कोठें चढ्या भावानें खपतो, याचें ज्ञान आयतेंच मिळतें. विकाजी आणि त्यांचे बंधु पेस्तनजी यांनीं त्या ज्ञानाचें चीज केलें. त्या काळीं वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून गंगेकांठच्या मिर्झापूरपर्यंत नेत असत. या बंधूंच्या पेढीनें १८२५-२६ सालीं तो मोठ्या प्रमाणावर थेट मुंबईस आणला. पुढें खामगांवला कापूस दाबण्याचीं यंत्रें त्यांनींच उभारलीं. हैदराबादेस त्यांची सावकारी पेढी एवढी वाढली कीं, निजामाचें सरकार तिचें ऋणको झालें, वऱ्हाडचा वसूल तिच्याकडे तारण पडला आणि औरंगाबादच्या टांकसाळींतून निघालेल्या रुपयाला लोक ‘पेस्तनशाही’ म्हणूं लागले. मात्र दिवाण चंदुलाल १८४३ सालीं अधिकारावरून गेले आणि त्यानंतर वसुलाचा हक्क हिरावला जाऊन ती पेढी कोसळली. इंग्रज सरकारकडे दाद मागूनहि ती सावरली नाहीं. ज्याच्या हातीं वाट तोच व्यापाराचा धनी, हें विकाजींनीं जाणलें होतें; परंतु वाट दुसऱ्याच्या मर्जीवर असली तर ती एका दिवसांत बंद होते, हेंहि त्यांनाच भोगावें लागलें.

तारापूरच्या वाट्यालाहि तेंच आलें. मुंबई, बडोदें व मध्य हिंदुस्थान रेल्वेची कंपनी १८५५ सालीं स्थापन झाली आणि १८६४ सालीं सुरत-मुंबई लोहमार्ग पुरा झाला. हा मार्ग किनारा सोडून आंतून गेला. पालघर, बोईसर हीं त्यावरचीं स्थानकें झालीं. खाडीचें पाणी पूर्वीइतकेंच राहिलें, भरती वेळेवर येतच राहिली. पण रानांतून निघालेली गाडी आतां स्थानकापाशींच रिकामी होऊं लागली. गलबतांचा धंदा एकदम बसला नाहीं, कारण लांकूड आणि गवत यांसारख्या जड मालाला समुद्राचें भाडें स्वस्त पडे. तरी व्यापाराचें वजन किनाऱ्यावरून लोहमार्गाकडे सरकलें तें सरकलेंच. पालघर व बोईसर यांचा पुढील उत्कर्ष याच स्थानकांच्या आश्रयानें झाला.

असा प्रसंग केवळ आपल्यावरच आलेला नाहीं. स्कॉटलंडांत क्लाइड नदी उथळ होती म्हणून ग्लासगोच्या व्यापाऱ्यांनीं सतराव्या शतकांत नदीच्या मुखाकडे पोर्ट ग्लासगो नांवाचें बंदर वसविलें. पुढें नदी खणून खोल केली, जहाजें थेट ग्लासगोस जाऊं लागलीं आणि त्या बंदराचा व्यापार गेला. तेव्हां तेथील लोक जहाजें बांधण्याकडे वळले. ‘कॉमेट’ ही प्रसिद्ध आगबोट १८१२ सालीं तेथेंच बांधली गेली. आमच्या चिंचणी परिसरांतहि विसाव्या शतकांत सोन्याच्या दागिन्यांचे साचे, म्हणजे डाय, कोरण्याची कला घरोघर रुजली. व्यापार गेला तरी हातांतला हुन्नर गांवाला तारून नेतो, हें दोन्हीं ठिकाणीं दिसून आलें.

आज हा इतिहास सांगण्यास कारण आहे. चिंचणीच्या उत्तरेस वाढवण येथें नव्या महाबंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजीं झाली. त्याचा अंदाजी खर्च शहात्तर हजार कोटि रुपयांवर आहे. तेथें पाण्याची नैसर्गिक खोली सुमारें वीस मीटर आहे, हें वारंवार सांगितलें जातें. परंतु येथील मच्छीमार अनेक वर्षें या बंदरास विरोध करीत आले आहेत, कारण त्यांचें शेत म्हणजे तोच समुद्र. १८६४ सालीं लोहमार्ग कोठून जावा, हें तारापूरच्या तांडेलाला कोणी विचारलें नव्हतें. आतां बंदराची वाट आंखतांना ती कोणाच्या दारावरून जाते आणि कोणाचें दार बंद करते, हें आधीं विचारलें जावें. खोली समुद्राची मोजावी, तशी या किनाऱ्यावरच्या माणसांच्या उपजीविकेचीहि मोजावी, एवढीच माझी विनंती आहे.