गाडी आहे, माणसे हवीत
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत व्यवस्थापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या सभेत आम्ही जमाखर्च वाचून दाखवितो आणि आभार मानून खाली बसतो. यंदा त्यातील एकाच रकमेविषयी सविस्तर बोलण्याची अनुमती अध्यक्ष महोदयांनी दिली आहे. 'कर्मचारी निवास व स्थलांतर' या नव्या शीर्षाखाली दाखविलेल्या खर्चाबाबत काही देणगीदारांनी पत्राने विचारणा केली. रुग्णांसाठी दिलेला पैसा घरभाडे, सामान हलविण्याचा टेम्पो आणि शाळेची फी यांवर का खर्च व्हावा, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न रास्त आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे. दुसऱ्या संस्थेच्या ताळेबंदात अशी रक्कम दिसली असती, तर आम्हीही तेथे पेन्सिलीने खूण केली असती.

आपले रुग्णालय तापीच्या खोऱ्यात, सपाटीवर आहे. आपली रुग्णवाहिका मात्र सातपुड्यात, धडगावास उभी असते. महाराष्ट्राचे हे उत्तर टोक. पलीकडे नर्मदा आणि नर्मदेपलीकडे मध्यप्रदेश व गुजरात. नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा 1 जुलै 1998 रोजी झाला. 2011च्या जनगणनेनुसार साडेसोळा लाखांच्या आसपास लोकसंख्या, आणि तीत सुमारे 69 टक्के आदिवासी. डोंगरातील वस्ती गावठाणात एकवटलेली नसते. एकेका गावाचे अनेक पाडे, आणि पाड्यातील घरे आपापल्या शेतात विखुरलेली. कित्येक पाड्यांपर्यंत गाडी जात नाही. बांबूला चादर वा घोंगडी बांधून झोळी करतात आणि रुग्णाला खांद्यावरून सडकेपर्यंत आणतात. वृत्तपत्रांनी त्यास 'बांबूलन्स' असे नाव दिले आहे. शब्द चतुर आहे, पण ज्यांनी तो बांबू खांद्यावर घेतला आहे त्यांच्यासमोर तो उच्चारण्याचे धैर्य आम्हांस झालेले नाही. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड कोसळली, की तळोद्याकडील वाट बंद होते. 2019 साली सरदार सरोवर प्रथमच 138.68 मीटरपर्यंत पूर्ण भरले. नर्मदाकाठच्या काही पाड्यांना तर आता बोटीवाचून गत्यंतरच नाही.

राज्यात 108 क्रमांकाची सेवा 2014 साली 937 गाड्यांनिशी सुरू झाली आणि तिने पुष्कळ प्राण वाचविले, हे कृतज्ञतापूर्वक नमूद केले पाहिजे. परंतु डोंगरातून एक रुग्ण घेऊन गाडी नंदुरबारला गेली, की परत येईपर्यंत अर्धा दिवस मोडतो. मधल्या काळात दुसरा रुग्ण आला तर काय, एवढ्याच प्रश्नासाठी आपण आपली गाडी तेथे ठेवली. एका उदार कुटुंबाने ती दिली. हार घातला, नारळ फोडला, छायाचित्र निघाले.

येथे आमची चूक सांगावयाची आहे. गाडीसाठी आम्ही दोन चालक आणि दोन परिचारक नेमले. दिवसा एक, रात्री एक. कागदावर हिशेब बरोबर होता. वस्तुतः आठवड्याचे तास 168. एका माणसाने 48 तास काम करावयाचे म्हटले, तर एका जागेला साडेतीन माणसे लागतात. रजा व आजारपण धरले की चार. चालक आणि परिचारक मिळून आठ माणसे. तेथे आम्ही चार पाठविली होती, आणि तीही सर्व परगावची. बाजारपेठेतील एका खोलीत चौघे राहत. कुटुंब कोणाचेही सोबत नव्हते. महिन्यातून एकदा घरी जावयाचे, तेही दुसऱ्याने तिसऱ्या दिवशीही गाडी ओढली तरच.

ऑगस्टमधील एका रात्री एका पाड्यावरून दूरध्वनी आला. बाळंतपण अडले होते. फोन लागावा म्हणून घरातला मुलगा पावसात टेकडी चढून गेला होता. 108ची गाडी दुसऱ्या रुग्णास घेऊन गेलेली. आपला एक चालक वडिलांच्या आजारपणासाठी गावी गेला होता आणि दुसरा एकोणीस तास गाडी चालवून नुकताच आडवा झाला होता. त्याला उठविले, पण त्याचे डोळे पाहून प्रभारी सिस्टरांनी घाटात गाडी नेऊ दिली नाही. त्यांचा निर्णय योग्यच होता, हे आम्ही तेव्हाही म्हटले व आजही म्हणतो. घरच्यांनी झोळी करून बाईस सडकेवर आणले आणि प्रवासी जीपमधून नेले. आई वाचली. मूल हाती लागले नाही.

पंधरा दिवसांनी आम्ही त्या घरी गेलो. कोणी रागावून बोलले नाही. मुलाच्या आजोबांनी एवढेच विचारले, आणि सोबतच्या आशाताईंनी त्याचे मराठी करून सांगितले, 'गाडी बिघडली होती काय?' आम्ही नाही म्हणालो. गाडीत डिझेल होते, ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला होता.

त्या वर्षाअखेरीस चौघांपैकी तिघे नोकरी सोडून गेले. आम्ही त्यांना दोष देत नाही. पगार बरा होता. सोडण्याची कारणे विचारली तेव्हा एकाने पत्नीचे एकटेपण सांगितले, दुसऱ्याने मुलीची शाळा. तिसरा म्हणाला, साहेब, आजारी पडलो तर मला कोण नेणार?

तेव्हापासून आम्ही माणसे नेमण्याची रीत बदलली. अर्ज आल्यावर उमेदवाराला आणि त्याच्या घरच्यांना आठ दिवस धडगावास राहावयास बोलावितो, तेही शक्यतो पावसाळ्यात. ऑक्टोबरात सातपुडा फार देखणा दिसतो, तो पाहून कोणीही होकार देईल. आठ दिवसांनंतरही जे यावयाचे म्हणतात, त्यांच्यासाठी दोन खोल्यांचे स्वतंत्र घर, सामान आणण्याचा खर्च, पहिल्या वर्षी मुलांची फी आणि जोडीदारास जमेल ते काम पाहून देणे, एवढे आम्ही करतो. निम्म्या जागा मात्र स्थानिक तरुणांसाठी ठेवल्या आहेत. त्यांना घर द्यावे लागत नाही, प्रशिक्षण द्यावे लागते, आणि भाषा तेच इतरांना शिकवितात.

भाषेचा प्रश्न वरवरचा नाही. सर्पदंशात दंश केव्हा झाला हे कळणे अत्यावश्यक. उत्तर पावरीत मिळते, आणि तेही घड्याळाच्या काट्यांनी नव्हे, 'गुरे घरी आली तेव्हा' असे. नव्या माणसाला हे समजावयास दोन-तीन महिने लागतात. सोबत बडवा असतो. त्याला हाकलून दिले तर पुढच्या वेळी कोणी फोन करीत नाही. त्याला गाडीत बसवून घ्यावे, हे आम्हांस स्थानिक परिचारकानेच शिकविले.

सांगली जिल्ह्यातून आलेले एक चालक आज पत्नी व दोन मुलांसह तेथे राहतात. प्रारंभी त्यांना अगदी परक्या मुलखात आल्यासारखे वाटे. एकदा एका गरोदर बाईस नेत असता तिच्या नवऱ्याने गाव विचारले आणि एकदम त्यांच्या तालुक्यातील वाड्यांची नावे सांगू लागला. तीन हंगाम तो तेथे ऊस तोडून आला होता. दिवाळीनंतर धडगावची माणसे उसाच्या फडांवर जातात, होळीला परततात. तेव्हा भोंगऱ्याचे बाजार भरतात, जीपगाड्या टपापर्यंत भरून धावतात आणि अपघात वाढतात. म्हणून होळीच्या पंधरवड्यात आपल्याकडे कोणासही रजा नाही. हे चालक तर म्हणतात, मला नकोच, माझ्या गावची ओळखीची माणसे तेव्हाच भेटतात.

गेल्या पावसाळ्यात जमिनीवर निजलेल्या एका मुलास मण्यार चावली. हा दंश दुखत नाही, सूजही नाही. पहाटे पापण्या मिटू लागल्या, तेव्हा घरचे जागे झाले. वाटेत श्वास मंदावला आणि आपल्या परिचारिकेने हाताने अंबू बॅग दाबीत त्याला नंदुरबारला पोहोचविले. मिनिटास बारा वेळा, दोन तास. हिशेब केला तर 1,440 वेळा. या बाई पती व मुलीसह मराठवाड्यातून आलेल्या. मुलगी तेथील शाळेत तिसरीत आहे. तो मुलगा चालत घरी गेला.

आता रकमेविषयी. गाडी देणाऱ्याचे नाव गाडीवर रंगविता येते. घरभाड्यावर नाव कोठे रंगवावे, हे आम्हांस सुचलेले नाही. यावर्षी आठपैकी सहा जागा भरल्या आहेत. उरलेल्या दोघांसाठी घरे पाहून ठेवली असून त्यांचे भाडे व दुरुस्ती यांसाठी तरतूद व्हावयाची आहे. दुसरी रुग्णवाहिका देण्याची इच्छा एका देणगीदारांनी कळविली होती. त्यांची क्षमा मागून, ती देणगी या शीर्षाखाली वळवावी अशी विनंती आम्ही केली. विचार करून कळवितो, असे त्यांचे उत्तर आले आहे.

या शीर्षाच्या पावत्या व भाडेकरार सभेनंतर कार्यालयात पाहावयास ठेवले आहेत. ज्यांनी पत्रे पाठविली त्यांनी ते अवश्य पाहावेत.