मागची भिंत पाहिली का?

मंडळी, रोहिणी नक्षत्र लागले. ७ जूनच्या सुमारास मृग लागेल. शेताची तयारी झाली. घराची झाली का?

आपल्याकडे इगतपुरी, पेठ, सुरगाणा या भागात पाऊस फार. एका साली मी म्हणालो, "शाकारणी पुढच्या साली बघू." चारच कौले फुटली होती. श्रावणात एका रात्री मागची भिंत बसली. पोरे त्या दिवशी पुढच्या खोलीत निजली होती, म्हणून वाचली.

मातीची भिंत वरून भिजते, तशी खालूनही भिजते. म्हणून तीन कामे करा.

फुटकी कौले बदला. सरकलेली नीट बसवा. वर चढण्याआधी वासे ठोकून पाहा. वाळवीने पोखरलेल्या वाशावर पाय देऊ नका.

भिंतीच्या भेगा भुसा घालून मळलेल्या चिखलाने बुजवा. पावसाचे वारे पश्चिमेकडून येतात. म्हणून मावळतीची भिंत आधी लिंपा. तिकडे झडप बांधा.

पागोळ्यांचे पाणी जोत्याशी साचू देऊ नका. चर खणून ते लांब काढून द्या.

चिखल वाळायला ऊन लागते. ते ऊन आज आहे, उद्याचे सांगता येत नाही. तेव्हा बाबांनो, घरी गेल्यावर आधी मागच्या भिंतीकडे जा.