पडलं ते सोंग

फासा हा शब्द आपल्याकडे चांगल्या अर्थाने फारसा घेतला जात नाही. फासा म्हटलं की कौरवांची सभा आठवते, धर्मराज आठवतो आणि त्याने पणाला लावून घालवलेलं सगळं आठवतं. महाभारतातच नळराजाची गोष्ट येते. त्याची फजिती तर याहून विचित्र. द्यूतात राज्य हरून तो रानात गेला. भुकेने व्याकूळ झालेला. समोर पक्षी दिसले, म्हणून त्याने अंगावरचं एकुलतं एक वस्त्र त्यांच्यावर टाकलं. पक्षी वस्त्रासकट उडाले आणि वर जाताना सांगून गेले की, आम्ही तेच फासे!

म्हणूनच माझा भाचा रंगीत फाशांची थैली घेऊन दिंडोरीला आला, तेव्हा माझ्या बहिणीने कपाळाला हात लावला. "या घरात जुगार चालायचा नाही," तिने बजावलं. भाचा म्हणाला, "अम्मी, यात पैसे नसतात. यात कुणी जिंकतही नाही."

"मग खेळता कशाला?"

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मला पुढे ओट्यावर बसून मिळालं.

हा खेळ अमेरिकेतला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने तो बाजारात आणला. याला पट लागतोच असं नाही. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतली माणसं होतात. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. प्रत्येकाच्या हातात एक कागद. त्यावर आपल्या पात्राची ताकद किती, अक्कल किती, हे आकड्यांत लिहिलेलं. ताकद अठरा म्हणजे भीमच समजा. पात्राने काही अवघड करायचं म्हटलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. वीस पडले तर वाहवा. एक पडला तर भीमाचासुद्धा पाय घसरतो. कसा घसरला, हे गोष्ट सांगणारा ठरवतो. खरी मजा तिथे आहे.

परदेशी राक्षस आणि तळघरं या पोरांना फार दिवस पुरली नाहीत. त्यांनी आपला रामशेज घेतला. रामशेज आमच्याच तालुक्यातला. १६८२ साली औरंगजेबाच्या फौजेने त्याला वेढा घातला आणि हा लहानसा किल्ला वर्षानुवर्षं हाती लागला नाही. खाफीखान या इतिहासकाराने त्या वेढ्याच्या हकिगती लिहून ठेवल्या आहेत. किल्ल्यावर लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून किल्लेदाराने लाकडाच्या केल्या आणि त्यांना चामडं मढवलं. इकडे मोगल सरदाराला एक मांत्रिक भेटला. मला शंभर तोळ्यांचा सोन्याचा नाग करून द्या, तो हातात धरून मी पुढे चालतो, फौज थेट दरवाजात नेतो, असं तो म्हणाला. नाग झाला, मिरवणूक निघाली. किल्ल्याच्या माऱ्यात येताच वरून एक दगड मांत्रिकाच्या छातीवर बसला. नाग एकीकडे, मांत्रिक दुसरीकडे!

पोरांनी मुद्दाम मोगलांची बाजू घेतली. भाचा म्हणाला, "मामू, किल्ला तर आपलाच. तो घेणार कसा? शिवाय फजिती सगळी खाली आहे."

आणि काय फजिती! अठरा ताकदीचा एक सरदार दमदम्यासाठी ओंडका उचलायला गेला. पडला एक. पगडी डोळ्यांवर आली आणि त्याने ओंडका समजून आपल्याच सुभेदाराच्या घोड्याची शेपूट ओढली. एक हेर भाजीवाल्याच्या वेषात गडाच्या दरवाजाशी पोचला. पहारेकऱ्याने विचारलं, "मेथीची जुडी कशी दिली?" पडला एक. हेराच्या तोंडून निघून गेलं, "बादशहा ठरवतील तो भाव!"

हे पाहताना मला आमच्याकडचा बोहाडा आठवत राहिला. दिंडोरीच्या पश्चिमेला, पेठ-सुरगाण्याकडे आणि पुढे जव्हार-मोखाड्यात तो अजून होतो. रात्रभर देव-दानवांची सोंगं येतात. मुखवटे जड, डोळ्यांना भोकं एवढीशी. आत घामाने निथळणारा माणूस असतो शेतकरी नाहीतर मजूर. पूर्वी एका बोहाड्यात मी रावण अडकलेला पाहिला होता. दहा तोंडांचा मुखवटा तोरणाच्या दोरीत गुंतला आणि लंकाधिपती मागच्या मागे बसले. गाव पोट धरून हसलं. पण दोघे हसतहसतच धावले आणि त्यांनी मुखवटा सावरला. संबळवाला थांबला नाही. रावण उठेपर्यंत तो तोच ठेका फिरवत राहिला. रावण उठला आणि पुढच्या पावलापासून नाचायला लागला. दुसऱ्या दिवशी त्या माणसाला कुणी पडका म्हटलं नाही. पडलं होतं ते सोंग.

आमच्या ओट्यावर मांत्रिक झालेला मुलगा बारावीत नापास झालेला होता. निकालापासून तो गल्लीत दिसत नव्हता. भाच्याने त्याला जवळजवळ ओढूनच आणलं होतं. पहिले दोन दिवस तो फासा दुसऱ्याकडून टाकून घ्यायचा. तिसऱ्या दिवशी नाग घेऊन निघायची वेळ आली, तेव्हा त्याने स्वतः टाकला. पडला एक. सगळ्यांनी श्वास रोखला. गोष्ट सांगणारा भाचाही क्षणभर गप्प झाला. तेवढ्यात हाच पोरगा म्हणाला, "दगड लागला ना? लागू दे. पण नाग कुणीतरी उचला रे, शंभर तोळे आहे!" ओटा हादरला. सगळ्यांत जास्त तोच हसत होता. मग भाच्याने विचारलं, "मांत्रिक जिवंत आहे. आता काय करणार?" पोरगा विचार करायला लागला. निकालानंतर त्याला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. सगळे 'असं कसं झालं' एवढंच विचारत होते.

आमचा तालुका द्राक्षांचा आहे. एका गारपिटीत वर्षाचा बाग जमिनीवर येतो आणि बागवाला चार दिवस पारावर येत नाही. नुकसान त्याला मोडतंच, पण लोक काय म्हणतील हेही मोडतं. तिथे कुणी हसू नये, आणि हसत नाही. पण त्याच्या हाती पुढचा डाव देणारं कुणीतरी लागतं, ठेका धरून ठेवणारं लागतं. ही सवय एकाएकी येत नाही. ती कुठेतरी खोट्या नागावर, कागदाच्या मुखवट्यावर आधी गिरवावी लागते.

बहिणीचा राग आता निवळला आहे. परवा तिने पोरांना चहा दिला, घटकाभर उभी राहिली आणि त्या मुलाला म्हणाली, "अरे, यावेळी दगडाच्या टप्प्याबाहेरून चाल."