सफरचंदांच्या बागेंत

आश्विन महिना जवळ आला कीं आपल्याकडे झेंडूच्या माळांची आणि नव्या भाताची गोष्ट निघते. त्याच सुमारास अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड प्रदेशांत घरोघर एकच बेत चाललेला असतो : येत्या रविवारीं सफरचंदें तोडावयास कोणत्या बागेंत जावयाचें? शहरांतील माणसें मुलाबाळांसह जवळच्या बागेंत जातात, दारांत रिकाम्या पिशवीची किंमत भरतात आणि स्वतःच्या हातांनीं फळें तोडून ती भरून आणतात. तेथें स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय कुटुंबांनींही हा रिवाज उचलला आहे. पुण्याहून किंवा नागपुराहून मुलाकडे गेलेल्या आईबापांना ही सहल बहुधा घडतेच.

मॅसॅच्युसेट्स संस्थानाच्या पश्चिम भागांत राहणाऱ्या अशाच एका कुटुंबाची ही हकीकत आहे. सन २०२२ च्या सप्टेंबरांत आजोबा, आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडें अशीं सर्व माणसें टेकडीच्या उतारावरील एका लहानशा बागेंत गेलीं. आजोबांचें बालपण रत्नागिरीकडचें. फळें उतरविणें म्हटलें कीं उंच झाड, हातांत झेला घेतलेला गडी आणि खालीं टोपल्या, हेंच चित्र त्यांच्या डोळ्यांपुढें. येथें पाहतात तों झाडें दीड पुरुष उंचीचीं, आणि फळें लेंकरांच्या हाताशीं लोंबत आहेत! ठेंगण्या जातीच्या खुंटावर कलम बांधल्यानें हें साधतें. कलमाशिवाय या फळाचें चालतच नाहीं. उत्तम सफरचंदाचें बीं पेरलें तरी उगवलेलें झाड आईच्या गुणावर जात नाहीं. त्या भागांतील आवडतें ‘मॅकिंटॉश’ फळ घ्या. कॅनडांतील ओंटॅरिओ प्रांतांत १८११ च्या सुमारास जॉन मॅकिंटॉश नांवाच्या शेतकऱ्यास रानांत आपोआप उगवलेलें एक रोप सांपडलें. आजचीं सर्व मॅकिंटॉश झाडें त्या एकाच झाडापासून कलमाकलमानें उतरलेलीं आहेत. हापुसाच्या कलमांत वाढलेल्या आजोबांना याचें नवल वाटलें नाहीं.

सहा वर्षांच्या नातवानें मात्र पहिलेंच फळ धरून जोरानें ओढलें. फळाबरोबर बोटभर काडी आणि दोन पानेंही हातांत आलीं. बागेचा म्हातारा मालक तेथूनच चालला होता. तो रागावला नाहीं. गुडघे टेकून त्यानें ती मोडलेली काडी मुलाच्या तळहातावर ठेविली आणि तिच्यावरची एक फुगीर, लवदार कळी दाखविली. तें पुढल्या वर्षाचें फूल होतें.

बहुतेक जातींच्या सफरचंदांना फळें धरतात तीं अशा आखूड, सुरकुतलेल्या काड्यांवर. एकच काडी वर्षानुवर्षें फळ देते, आणि यंदाचें फळ वाढत असतांनाच शेजारीं पुढील हंगामाची कळी तयार होत असते. म्हणून फळ ओढावयाचें नसतें. तें तळहातांत धरावें, किंचित् वर उचलावें आणि हलका पीळ द्यावा; तयार असेल तर देठासकट अलगद सुटून येतें. सुटलें नाहीं तर त्याची वेळ झाली नाहीं असें समजून सोडून द्यावें. नुसत्या तांबडेपणावर भुलूं नये. लालीमागची हिरवट छटा पिंवळी पडली आहे काय, तें पाहावें. उन्हाकडचीं, बाहेरच्या अंगाचीं फळें आधीं पिकतात.

त्या दिवशीं दोन पिशव्या भरल्या. आजींनीं घरीं येऊन निरनिराळ्या जाती चिरून पाहिल्या. मॅकिंटॉश शिजवितांच विरघळून गेलें; ‘कोर्टलंड’ मात्र चिरल्यावरही बराच वेळ पांढरें राहिलें, आणि कोशिंबिरीचा मान त्यालाच मिळाला. तिकडील सुगरणी तें सालडांत घालतात, तेव्हां आजींची परीक्षा चुकली असें म्हणतां येणार नाहीं.

पुढलें वर्ष वाईट गेलें. १८ मे २०२३ च्या पहांटे न्यू इंग्लंडच्या मोठ्या भागांत अवेळीं दहिंवर गोठलें. फुलोरा ओसरून फळें नुकतीं धरूं लागलीं होतीं. कित्येक बागांचें सबंध पीक एका रात्रींत गेलें. सप्टेंबरांत हें कुटुंब गेलें तेव्हां फाटकावर यंदा तोडणी नसल्याची पाटी होती. लहान बागवानाला हा घाव फार लागतो. घाऊक बाजारांत त्याच्या फळाला भाव थोडा, आणि तोडणावळ वरचढ. कुटुंबें येऊन स्वतः फळें तोडतात व रोख पैसे देतात, त्यावर अशा पुष्कळ बागा तग धरून आहेत. मालक आजोबांना म्हणाला, “माझ्या आजोबांनीं याहून वाईट पाहिलें.” तें खोटें नव्हे. १९३३-३४ च्या कडाक्याच्या हिंवाळ्यांत त्या प्रदेशांतील ‘बाल्डविन’ जातीचीं असंख्य झाडें मुळापासून मेलीं, आणि तिची जागा पुढें बव्हंशीं मॅकिंटॉशनें घेतली. यंदा निदान झाडें जिवंत होतीं.

मुलाला पाटी वाचतां येत होती. तरी तो आपलें झाड पाहावयाचें म्हणून हटून बसला. मालकानें फाटक उघडलें. फांदीवर एकही फळ नव्हतें. परंतु फळांचा भार नसल्यामुळें झाडानें सारें बळ कळ्यांत घातलें होतें. काडीकाडीवर ते लवदार फुगे दिसत होते. पीक बुडालेल्या वर्षानंतर बहर दाट येतो, हें बागवानांना अनुभवानें माहीत असतें. मुलगा एक एक काडी मोजूं लागला. गेल्या वर्षीं मोडलेली जागा सांपडली. तेथें कोरडी खूण तेवढी उरली होती.

सन २०२४ च्या सप्टेंबरांत आजी-आजोबा पुण्यास परत गेलेले होते. रात्रीं दूरध्वनीच्या पडद्यावर त्यांना फळांनीं वांकलेली एक फांदी दिसली. बाजूनें एक लहानसा हात पुढें आला, फळ तळाशीं धरलें गेलें, वर उचललें, फिरविलें. “आजोबा, पाहिलंत?” मुलानें विचारलें, आणि फळ बाजूला धरून मागची काडी दाखविली. ती शाबूत होती.